गव्हाण आपल्या घरचीच आहे

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "लग्न होऊन या घरी आल्यापासून दर नाताळला आम्ही चांदणी लावतो, गव्हाण मांडतो, झाड सजवतो, केक आणतो. मुलगा आठ वर्षांचा झालाय. तो प्रत्येक गोष्टीला 'हे काहून?' विचारतो आणि मला सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, ही सगळी साहेबांची थेरं, शास्त्रात, बायबलात यातलं काही नाही. या चालींना खरंच काही आत्मिक अर्थ आहे, की नुसती शोभा?"

ताई, सलाम. यवतमाळ-अमरावती भागातल्या खेड्यांत मी ३१ वर्षं पाळकाचं काम केलं. नाताळच्या दिवशी एका गावात पहाटेची उपासना, दुसऱ्यात दहाची, तिसऱ्यात जेवणं झाल्यावर, असं फिरण्यात ती सगळी वर्षं गेली. तुमच्या मुलाचा 'काहून' मला प्रत्येक गावात भेटला आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी सासूबाईंचं. त्यांना गप्प बसवू नका. त्यांची शंका जुनी आहे आणि विश्वासातूनच आलेली आहे. नागपुरात १८४० च्या दशकात सुवार्तेचं काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटिश मंडळीतून, म्हणजे चर्चमधून आले, तिथे नाताळ पाळण्याची चालच नव्हती. शास्त्राने सांगितलं नाही ते पाळायचं नाही, असा त्यांचा कडक नेम. १६४० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने नाताळची सुट्टी रद्द केली होती, आणि २५ डिसेंबर तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट १९५८ मध्ये. म्हणजे साहेबांतलेच कितीतरी लोक तुमच्या सासूबाईंच्या बाजूचे. आणि त्या म्हणतात त्यात खरं आहेच: झाड, केक, लाल टोपी शास्त्रात नाही. तारीखसुद्धा नाही.

शुभवर्तमान लिहिणारे मत्तय आणि लूक दोघंही येशूच्या जन्माची हकीकत सांगतात, दिवस कुणी सांगत नाही. २५ डिसेंबरची सगळ्यांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ ची. हीच तारीख का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. रोमी लोक त्या सुमारास सूर्याचा उत्सव करत, त्याच्या जागी हा आला, असं एक मत. मरीयेला देवदूताचा निरोप २५ मार्चला मिळाला असं धरून तिथून नऊ महिने मोजले, असं दुसरं. मुलाला त्या वादात ओढू नका. त्याला एवढं दाखवा की त्या दिवसांत रात्र सर्वांत मोठी असते आणि तिथून दिवस तिळातिळाने वाढायला लागतो. मरीयेची नातलग अलीशिबा तिच्या सहा महिने आधी गरोदर होती, म्हणून अलीशिबेच्या मुलाचा, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिवस मंडळीने २४ जूनला धरला; त्या सुमारास दिवस लहान व्हायला लागतो. आणि याच योहानाने येशूबद्दल म्हटलं होतं, त्याने वाढावं, मी कमी व्हावं. उन्हाच्या चालीवर बसवलेली ही गोष्ट कास्तकाराच्या पोराला पटकन कळते.

पण गव्हाण शास्त्रात आहे. सासूबाईंना लूकचा दुसरा अध्याय उघडून दाखवा. तिथे गव्हाणीचं नाव तीनदा येतं. मरीया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते. देवदूत मेंढपाळांना तीच खूण सांगतो. मेंढपाळ धावत येतात आणि बघतात, तर बाळ गव्हाणीतच आहे. ही खूण कुणासाठी होती याचा विचार करा. रात्रभर मेंढरांमागे असणाऱ्या माणसांना राजवाड्याची खूण दिली असती तर ते देवडीवरूनच परतले असते. गव्हाण म्हटल्यावर त्यांचा पाय अडला नाही.

त्याच ओवीत 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' असं आहे, आणि त्यावरून आपण नाताळच्या नाटकात दरवर्षी एका पोराला निर्दय मालक करून दारात उभं करतो. मूळ ग्रीक शब्द 'कातालुमा'. येशूचं शेवटचं भोजन ज्या खोलीत झालं तिच्यासाठीही लूकने हाच शब्द वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला जिथे नेऊन ठेवलं, त्या उतारूंच्या जागेसाठी त्याचा शब्द वेगळा आहे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं पडतं की कातालुमा म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. तिकडच्या खेड्यातल्या घरात माणसं थोड्या उंचवट्यावर राहत, रात्री जनावरं त्याच छपराखाली खालच्या अंगाला बांधत, आणि मधल्या कडेला गव्हाण असे. पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून बाळंतपण आत झालं, घरच्या माणसांत, ढोरांच्या उबेला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून माझ्या आजोबांच्या घराचा विचार करत बसलो. ओसरी, माजघर, आणि माजघराला लागूनच कोठा. मधल्या भिंतीला एक झरोका होता, त्यातून आजी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बैलांच्या रवंथाचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की उठून बघायची. पौष-माघाच्या थंडीत बकरीची पिल्लं डालीखाली झाकून चुलीजवळ आणली जात. त्या घरात एखादी परगावची बाळंतीण आली असती, तर आजीने तिला कुठे ठेवलं असतं हे मी डोळे मिटून सांगू शकतो.

म्हणून माझं सांगणं असं आहे, ताई, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. ज्या चित्रांवरून आपण नाताळ उचलला ती थंड देशांतली आहेत. पण ज्या रात्रीवरून नाताळ निघाला ती रात्र एका कास्तकारी गावातली, कोठ्याला लागून असलेल्या घरातली. त्या चित्रांतल्या माणसांपेक्षा तुमच्या सासूबाई त्या रात्रीच्या जास्त जवळ आहेत. चालींचा अर्थ मुलाला सांगायचा तर तो आपल्या घरातून, वावरातून सांगा.

सुरुवात गव्हाणीपासूनच करा. पुठ्ठ्याची मांडण्याआधी त्याला खरी दाखवा. पहाटे, कुटार टाकायच्या आधी, कोठ्यात न्या. गव्हाणीची वरची कड हाताला लागू द्या. वर्षानुवर्षं बैलाची मान घासून ती गुळगुळीत झालेली असते, तेल लावल्यासारखी. तळाशी न खाल्लेल्या जाड काड्या, ढेपीचा भुगा, लाळेने ओला झालेला आणि त्याला लागलेल्या मुंग्या. झाडल्याशिवाय तिथे काही ठेवता येत नाही. मग त्याला सांगा, देवाने आपला मुलगा पहिल्यांदा इथे टेकवला. तो नाक मुरडेल. मुरडू द्या. मी शब्बाथ शाळेत किती वर्षं 'ख्रिस्ताची नम्रता' या विषयावर बोललो, पण ज्या वर्षी पोरांना एका काकांच्या कोठ्यात नेऊन गव्हाण झाडायला लावली, त्या वर्षी पहिल्यांदा एका पोरीने मला विचारलं, "देवाला घाण नाही वाटली?" त्या प्रश्नापर्यंत पोचायला माझं प्रवचन कामाला आलं नव्हतं.

गव्हाण मांडायची चाल कुठून आली तेही सांगतो, कारण ती गोष्ट गोड आहे. इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या डोंगरी गावात १२२३ च्या नाताळच्या रात्री असिसीच्या संत फ्रान्सिसने गवत भरलेली गव्हाण ठेवली आणि खराखुरा बैल आणि गाढव आणून बांधलं. गावची माणसं मशाली-मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आली. पवित्र भूमीला जाणं गरिबाला कुठून परवडणार. त्यांना येशूचं जन्मगाव बेथलेहेम डोळ्यांनी दिसावं, एवढाच त्याचा हेतू. त्याचं पहिलं चरित्र लिहिणाऱ्याने नोंदवलंय की त्या गव्हाणीतलं गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी जनावरांना चारलं. चमत्काराचं सोडा, पण त्या लोकांनी नाताळचा आशीर्वाद सगळ्यांत आधी ढोरांपर्यंत पोचवला, हे मला फार भावतं. आमच्या एका गावात त्यावरून चाल पडली. २५ ला सकाळी उपासनेला निघायच्या आधी बैलांना ढेपेचा घास जास्तीचा.

बैल आणि गाढव लूकच्या गोष्टीत नाहीत, बरं का. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशी तिथे देवाची तक्रार आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावणाऱ्या माणसाला ही ओळ उलगडून सांगावी लागत नाही. सांजच्याला जू उतरवलं की बैल आपणहून आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो, दुसऱ्याच्या दावणीला जात नाही. गव्हाणीशेजारी मातीचा बैल ठेवताना मुलाला हे सांगा: हा बैल तिथे शोभेसाठी नाही, तो धन्याला ओळखून उभा आहे.

एक गोष्ट मात्र मी आमच्या मंडळ्यांत बंद करायला लावली. गव्हाणीभोवती कापूस पसरून त्याला बर्फ म्हणायचं. ज्या बाया पोटाला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचतात, बोंडाच्या वाळल्या टोकांनी ज्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात, त्याच बाया उपासनेला येऊन बघतात तर त्यांचा कापूस कुठल्यातरी परक्या बर्फाचं सोंग घेऊन बसलेला. मला ते सहन होईना. कापूस ठेवाच, पण कापूस म्हणून ठेवा. बाळाखाली घाला. आपल्याकडे बाळंतं म्हणजे जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, शंभरदा धुतलेलं. तसं एक फडकं सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं काढा आणि बाळ त्यात गुंडाळा. नव्या साटीनच्या तुकड्यापेक्षा ते लूकच्या शब्दांना धरून आहे.

आता खाण्याचं. केक शास्त्रात नाही, करंजीही नाही. पण भाकर आहे, आणि ती गोष्टीच्या अगदी पोटात आहे. 'बेथलेहेम' हा इब्री शब्द. बेथ म्हणजे घर, लेहेम म्हणजे भाकर. भाकरीच्या घरी, खाणं ठेवायच्या जागेत बाळ ठेवलं गेलं, आणि तेच बाळ मोठेपणी म्हणालं, मीच जीवनाची भाकर आहे. ही सांगड मुलाला ज्वारीची भाकर मोडतानाच सांगा.

बेथलेहेमातच रूथची गोष्ट घडली. नवरा गेलेली परदेशी सून, सासूला सोडून जायला तयार नाही, आणि पोटासाठी बवाजाच्या वावरात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. आपल्या मराठी शास्त्रात हाच शब्द आहे, सरवा. सोयाबीनची कापणी झाल्यावर, तुरी निघाल्यावर सांडलेल्या शेंगा वेचायला बाया येतात, तोच सरवा. देवाच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला हुकूमच होता की वावराच्या कडा पार साफ कापू नका, सांडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. त्या सरवा वेचणाऱ्या बाईच्या वंशात दावीद झाला आणि दाविदाच्या वंशात येशू. मत्तयने वंशावळीत तिचं नाव आवर्जून घातलं आहे. म्हणून नाताळचं ताट शेजारी पाठवायची आपली चाल ही नुसती रीतभात समजू नका. आधी पाठवायचं, मग आपण बसायचं. आणि ज्या घरून दिवाळीचं ताट तुमच्याकडे येतं तिथेच फक्त पाठवून थांबू नका. ज्या घरून कधीच ताट येत नाही, कारण पाठवायला तिथे काही नसतं, ते घर आधी. ताट रिकामं परत आलं तरी पुढच्या वर्षी पाठवा.

कॅरोलला पोरं रात्री गावभर फिरतात. त्याचा अर्थ मला एका रात्री धुऱ्यावर उभं असताना कळला. आम्ही सात-आठ जण एका वस्तीवरून दुसरीकडे पायी चाललो होतो. पेटी एकाच्या खांद्याला, खंजिरी माझ्या हातात. रस्त्याकडेच्या वावरातून कुणीतरी टॉर्च मारला आणि ओरडून विचारलं, कोण हाय? एक कास्तकार हरबऱ्याला पाणी देत होता. लाइन रात्रीची, म्हणून पाणीही रात्रीचं. वरून रोही (नीलगाई) आणि डुकरांची जागल. आम्ही सांगितलं, नाताळची गाणी म्हणत फिरतोय. तो म्हणाला, "मंग इथं म्हना ना. मले कोन आयकवते?" तो आपल्या मंडळीतला नव्हता. आम्ही धुऱ्यावर उभं राहून दोन गाणी म्हटली. मोटारीचा आवाज, खाली चिखल, आणि तो फावडं टेकून ऐकत उभा. मग त्याने शेकोटीवरच्या गंजातल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा आमच्या रुमालात ओतल्या.

लूक लिहितो, मेंढपाळ रानात राहून रात्रीच्या वेळी आपला कळप राखत होते. आख्ख्या यहूदियात ती बातमी पहिल्यांदा मिळाली ती जागलीवरच्या माणसांना. यरुशलेमात याजक होते, शास्त्री होते, हेरोद राजा होता. देवदूत वावरात गेले. तेव्हापासून आमची कॅरोलची वाट मी बदलली. आधी गावातल्या मोठ्या घरांपासून सुरुवात व्हायची. मग आम्ही आधी शिवारात जाऊ लागलो, विटाभट्टीवर जाऊ लागलो, ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांपाशी थांबू लागलो. पेटी-खंजिरी-टाळ हे परक्याचं नाही, हेही सासूबाईंना सांगा. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून ज्यांची वाट बदलली, त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि भजन-अभंगाची आपली चाल मराठी मंडळीच्या गाण्यात रुजवली.

चांदणीबद्दल मला थोडं सावकाश लिहायचं आहे.

एका वर्षी एका वस्तीवर आमच्या मंडळीतल्या घरचा कर्ता माणूस पोळ्यानंतर गेला. कसा गेला ते लिहीत नाही. आपल्या भागात न लिहिताही कळतं. डिसेंबरात मी त्या घरी गेलो. बाईने चहा ठेवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पाळकसाहेब, औंदा चांदनी नाई लावत. सालभर सन नाई करत आमच्यात. लोक काय म्हनतीन?" त्यांची थोरली मुलगी दहा-अकराची. ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. मी काही उपदेश केला नाही, कारण सुचला नाही. मत्तयचा दुसरा अध्याय वाचला, पुरता. एरवी आपण नाताळात तो अर्धाच वाचतो, मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागे आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, भेटी देऊन परत जातात तिथपर्यंत. त्याच्या पुढेच हेरोद बेथलेहेमातली लेकरं मारतो आणि इस्राएल लोकांची पूर्वज आई राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, सांत्वन नाकारते आहे, असं लिहिलंय. तारा ज्या गावावर थांबला त्याच गावात ते रडणं आहे, एकाच अध्यायात. जुन्या मंडळीने त्या लेकरांचा दिवस २८ डिसेंबरला, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, मुद्दाम ठेवला आहे.

बाई ऐकत राहिली. थोड्या वेळाने ती पोरगी उठली आणि मागच्या सपरीतून गेल्या वर्षीची चांदणी घेऊन आली. कागद फाटून लोंबत होता, सांगाडा मात्र शाबूत. बांबूच्या कामट्यांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक सुतळीने बांधलेलं, आणि मधे बोटभर काड्या घालून पोट फुगवलेलं. प्रत्येक गाठ दोनदा मारलेली. तिच्या बापाने बांधली होती. आम्ही मैद्याची खळ शिजवली. झिरमिळ्या नको, रंगीत कागद नको, असं बाईने सांगितलं, म्हणून पांढरे ताव आणले. पोरीने जुना कागद नखाने खरवडून काढला, एकही कामटी मोडू दिली नाही. आत एकच साधा दिवा सोडला आणि दारावरच्या आड्याला बांधली. त्या रात्री शेजारच्या चार बाया येऊन ओसरीवर बसल्या. पोळ्यापासून त्या घरात असं कुणी निवांत बसलं नव्हतं. बोलल्या फारसं कुणी नाही.

तुमच्या मुलाने चांदणी काहून लावतात असं विचारलं, तर त्याला सांगा, ताऱ्याने माणसांना एका घरापाशी आणलं होतं. मत्तयचा शब्द 'घर' असाच आहे; मागी लोक घरात गेले असं तो लिहितो. चांदणी लावलेल्या दाराला मग त्या काळात आतून कडी लावू नये, असं मी मंडळीला सांगत आलो.

त्या मागी लोकांचा आकडा शास्त्रात नाही, तीन भेटी होत्या म्हणून आपण तीन धरतो. सोनं राजाला, ऊद देवाला, गंधरस मरणाला, प्रेताला लावायचा. पाळण्यातल्या लेकराला त्याच्या मयताचं सामान आणून दिलं, असा त्याचा अर्थ पूर्वीपासून सांगतात. मुलाला ऊद दाखवायचा असेल तर दूर जायला नको. मेळघाटात, सातपुड्याच्या उतारांवर सालईची झाडं आहेत. तिचा डिंक निखाऱ्यावर टाकला की जो वास येतो, तो अरबस्तानातल्या ऊदाच्या सख्ख्या भावाचा. दोन्ही झाडं एकाच कुळीतली. आणि गंधरसाचं झाड आपल्या गुग्गुळाच्या कुळीतलं.

झाडाचं थोडक्यात. जर्मनीत मध्ययुगात २४ डिसेंबरला आदाम-हव्वेचं नाटक होई, त्यात एदेनचं झाड म्हणून हिरव्या झाडाला सफरचंदं लटकवत. पुढे घरातल्या झाडालाही फळं आणि प्रभुभोजनाच्या भाकरीसारख्या पातळ चकत्या टांगू लागले. ज्या झाडापाशी माणूस चुकला आणि ज्या खांबावर ख्रिस्त टांगला गेला, त्या दोन्हींची आठवण एका झाडात. हा अर्थ धरला तर प्लास्टिकचं झाड विकत आणायची गरज उरत नाही. कडुनिंबाची फांदी चालते, आणि अंगणात एखादं रोप लावलं तर फारच चांगलं.

लाल टोपीवाल्या बाबाचं मूळही ऐकण्यासारखं आहे. निकोलस हा चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. एका कंगाल बापाच्या तीन मुली. हुंडा नाही म्हणून लग्न होत नाहीत, आणि त्यांना विकायची पाळी आली. निकोलसने तीन रात्री गुपचूप त्यांच्या खिडकीतून सोन्याची पुरचुंडी टाकली, अशी कथा आहे. पोरीच्या लग्नापायी वावर गहाण टाकलेल्या गावात ही कथा सांगताना मला कधी अर्थ सांगावा लागला नाही. म्हणून घरी पोराला टोपी घालून नाचवण्यापेक्षा त्याच्याकडून एक काम करून घ्या. रात्री कुणाच्या तरी दारात दोन पायली ज्वारी ठेवून, न सांगता परत यायचं. आणि दुसऱ्या दिवशीही सांगायचं नाही. आठ वर्षांच्या पोराला ते दुसऱ्या दिवसाचं फार जड जातं. त्यातच शिकणं आहे.

शेवटी आगमनकालात करायचं काय ते सांगतो. नाताळआधीचे चार रविवार वाट पाहण्याचे. जर्मनीतल्या हँबुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. पोरं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? तेव्हा त्यांनी १८३९ मध्ये गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या २० लहान लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवत गेले. आज शहरांतल्या चर्चमध्ये हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या दिसतात, त्यांचं मूळ हे चाक. तुमच्या अंगणात मोडक्या बैलबंडीचं चाक पडलं असेलच. ते धुऊन आत आणा. २० मेणबत्त्यांची गरज नाही, चार पणत्या पुरतात. दर रविवारी एक जास्त.

गव्हाण मांडा, पण बाळ ठेवू नका. २४ च्या रात्रीपर्यंत ती रिकामी राहू द्या. मुलगा रोज येता-जाता बघेल आणि विचारेल. मोठ्या रात्री उपासनेहून परत आलात की बाळ सासूबाईंच्या हाती द्या. गाय व्यायच्या रात्री कोठ्यात कंदील धरून बसलेली बाई आहे ती. गव्हाण कशी झाडायची, खाली कडबा घालायचा की कुटार, बाळाचं डोकं कोणत्या अंगाला करायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. मुलाने तेव्हा 'हे काहून?' म्हणून विचारलं, तर उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना देऊ द्या.